राजाला सांगणारी माणसं

मे महिना लागला की आमच्या घरात दोन गोष्टी हटकून सुरू होतात. माझ्या शिंका आणि कुणाची तरी परीक्षा. यंदा परीक्षा इराची, माझ्या लेकीची, ए-लेव्हलची, म्हणजे इथल्या बारावीची. जेवणाच्या टेबलावर तिनं गुलाबी, पिवळ्या, हिरव्या कार्डांचा असा काही पसारा मांडलाय की आम्ही तिघं गेले तीन आठवडे सोफ्यावर मांडीत ताटं घेऊन जेवतो आहोत. खिडकी उघडली तर गवताचे पराग आत येतात, बंद केली तर जीव गुदमरतो. आणि तो उजेड. इतकी वर्षं इंग्लंडात, ब्रॅकनेलला काढली, पण या दिवसांतल्या उजेडाची काही मला सवय झाली नाही. साडेआठ वाजून गेले तरी ऊन मागच्या कुंपणावरून हलायचं नाव घेत नाही. दिवस संपला असं कुणीतरी सांगावं आणि आपण हातपाय धुऊन मोकळं व्हावं, तर ते नाही. मी घरभर उगाच फिरत राहतो. भांडी आधीच घासलेली असतात, कचऱ्याची बिन आधीच बाहेर गेलेली असते. माझी बायको मंजिरी म्हणते, "अरे, परीक्षा तिची आहे. येरझाऱ्या तू का घालतोयस?"

इराच्या तीन विषयांतला एक आहे क्लासिकल सिव्हिलायझेशन. जुने ग्रीक, जुने रोमन, त्यांचे देव, त्यांच्या लढाया आणि ग्रीकांच्या शोकांतिका. तिनं हा विषय घेतला तेव्हा मी बापाला शोभेल असा प्रश्न विचारला होता, "यात पुढे नोकरी कुठली?" त्यावर ती म्हणाली होती, "बाबा, इट्स युअर फॉल्ट. तूच मला ग्रीक ट्रॅजेडीत उभं केलंस." तिचं म्हणणं खरंच होतं.

परवा संध्याकाळी तिनं कार्डांचा एक गठ्ठा माझ्या हातात ठेवला. "बाबा, माझी टेस्ट घे ना. मी सांगते, तू चेक कर." वरचंच कार्ड होतं, राजाचा गर्व नाटकात कसा दाखवतात, चार मुद्दे. ती डोळे मिटून खुर्चीत मागेपुढे डुलायला लागली.

"वन. तो ऑर्डर सगळ्यांच्या समोर देतो, सो नंतर बॅक डाउन करणं त्याला एम्बॅरसिंग वाटतं. टू. लोक त्याला वॉर्न करतात, पण जे वॉर्न करतात ते त्याच्यापेक्षा लहान असतात, म्हणजे पोझिशननी. गार्ड, बायको, मुलगा. सो तो ऐकत नाही. थ्री. त्याला वाटतं, हा मला सांगतोय म्हणजे ह्याचा काहीतरी मोटिव्ह असणार. फोर. त्याला कळतं. फायनली कळतं. पण टू लेट." तिनं डोळे उघडले. "बाबा? करेक्ट?"

"करेक्ट," मी म्हणालो आणि शिंक येतेय असं दाखवून बागेत गेलो.

तीन वर्षांपूर्वी याच दिवसांत मी राजा होतो. आमच्या इथल्या मराठी मंडळाचं वार्षिक नाटक जूनमध्ये असतं, आणि दरवर्षी तेच ते विनोदी, सासू-सुनेचं, चुकीच्या फ्लॅटमध्ये शिरलेल्या पाहुण्याचं. त्या वर्षी मी कमिटीत हट्ट धरला की यंदा काहीतरी भव्य करायचं. ग्रीक शोकांतिका करायची. मी दोन महिने ऑफिसच्या लंच अवरमध्ये लायब्ररीतली पुस्तकं वाचली आणि कुठलंही एक नाटक न घेता त्या साच्याचा एक राजा स्वतःच तयार केला. समुद्रकाठचं शहर, कडक हिवाळा, शत्रू येणार अशी आवई. राजा भर चौकात हुकूम काढतो की वेशीचे दरवाजे बंद, कुणासाठीही उघडायचे नाहीत. पहारेकरी सांगतो, महाराज, बाहेर आपलीच माणसं आहेत. राणी सांगते. नगरजन हात जोडतात. राजा ऐकत नाही. बाहेर बर्फात त्याचा स्वतःचा मुलगा असतो. लेखक मी, दिग्दर्शक मी, राजाही मीच. हौशी मराठी रंगभूमीवर ही तीन कामं एकाच माणसानं केली की पुढे काय होतं हे कुणालाही विचारा. पण त्या वेळी मला सगळ्यांनी हरभऱ्याच्या झाडावर चढवलं होतं, आणि मला झाड आवडलं होतं.

तालमी दर रविवारी स्लाऊजवळच्या एका शाळेच्या हॉलमध्ये. आमच्या घरापासून गाडीनं अर्धा तास. त्या हॉलचा वास अजून नाकात आहे, फरशीचं पॉलिश, रबरी बुटांचे तळवे आणि कोपऱ्यातल्या जुन्या रेडिएटरवर वाळत टाकलेलं कुणाचं तरी ओलं जॅकेट. जमिनीवर बॅडमिंटनच्या रेघा होत्या. पांढऱ्या रेघेच्या आत शहर, बाहेर बर्फ, असं मी ठरवून टाकलं होतं. आयटीतली सात माणसं, एक डेंटिस्ट, दोन अकाउंटंट आणि मुलं, असं माझं नगर. चौदा वर्षांची इरा नगरजनांत होती. शाळेचा केअरटेकर बरोबर सहाला दारात येऊन किल्ल्या खुळखुळवायचा, तेव्हा आमचं तिसऱ्या अंकाचं जेमतेम पहिलं पान झालेलं असायचं.

माझा जुना मित्र अविनाश आणि त्याची बायको, शैलावहिनी, तिथे सगळ्यांच्या आधी हजर असायचे. ते स्लाऊचेच. अविनाश फार्मसिस्ट होता, हाय स्ट्रीटच्या टोकाला एका दुकानात. आम्ही या देशात एकाच वर्षी आलो, सुरुवातीचे आठ महिने एका घरात वरच्या-खालच्या खोल्यांत राहिलो, एकमेकांच्या गाड्या ढकलल्या. इरा झाली त्या दिवशी मंजिरीला हॉस्पिटलमध्ये घेऊन गेला तो अविनाश, कारण मी एडिनबरोला क्लायंटकडे होतो. आणि घरी परत आलेल्या बाळंतिणीला पहिला डिंकाचा लाडू खाऊ घातला तो शैलावहिनींनी. वहिनी मला भाऊजी म्हणायच्या. नुसतं हाक मारायची म्हणून नव्हे. दिराला धाकात ठेवावं तसं ठेवायच्या. मी बारीक दिसलो तरी बोलायच्या, जाड दिसलो तरी बोलायच्या. त्या वर्षी राजाचा झगा त्यांनीच शिवला, चॅरिटी शॉपमधून आणलेल्या मरून पडद्यांचा.

अविनाश प्रॉम्प्टर होता. चौदा वर्षं मंडळाच्या प्रत्येक नाटकात विंगेत लाकडी खुर्ची टाकून, फाईल मांडीवर घेऊन तो बसायचा आणि नट अडला की पुढचा शब्द सोडायचा. फक्त एक शब्द. अख्खं वाक्य त्यानं कधी कुणाला दिलं नाही, कारण म्हणे, अख्खं वाक्य दिलं की माणूस घाबरतो. कोण कुठे अडणार हे त्याला तिसऱ्या तालमीतच कळायचं आणि पानाच्या कडेला तो पेन्सिलीनं बारीक खूण करून ठेवायचा. पडदा पडल्यावर सगळे हातात हात घालून वाकतात, तेव्हा हा माणूस मागे खुर्ची घडी करत असायचा.

आता जे घडलं ते सांगताना अजूनही माझे कान तापतात. माझं एक मोठं स्वगत होतं, दुसऱ्या अंकाच्या शेवटी. त्यात एका वाक्यानंतर मी पॉज घेतला. मोठा पॉज. राजा समुद्राकडे बघतोय, मनात काहीतरी हलतंय, असा. मी समुद्राकडे बघत होतो, म्हणजे फायर एक्झिटकडे, आणि विंगेतून हळूच आवाज आला, "परंतु..."

हॉलमध्ये हशा पिकला. डेंटिस्ट तर खालीच बसला. इराही हसली. आणि मी फिरलो. "विसरलो नव्हतो मी! पॉज होता तो!" मी ओरडलो. अविनाश म्हणाला, "सॉरी, सॉरी, मला वाटलं..." त्यावर हसून सोडून द्यायचं, एवढंच होतं. पण समोर वीस माणसं उभी होती आणि माझ्या अंगावर मरून झगा होता. मी म्हणालो, "तुला वाटायचं काही कारण नाही. ग्रीक नाटक आहे हे. गोळ्या मोजून बाटलीत भरण्याइतकं सोपं नाही. पुढच्या वेळेपासून आपल्याला प्रॉम्प्टर नकोय. कुणालाच नको. ज्याला पाठ होत नाही त्यानं घरी बसावं."

वहिनी थर्मासचं झाकण हातात धरून उभ्या होत्या. अविनाशनं फाईल मिटली, पेन्सिल खिशात टाकली. मग माझ्याजवळ आला आणि इतरांना ऐकू जाणार नाही अशा आवाजात म्हणाला, "बरं. पण सुहास, शेवटचा प्रवेश एकदा सगळ्यांसमोर करून घे. एकदाच. तो झालेलाच नाहीये."

शेवटच्या प्रवेशात राजा मुलाचं प्रेत घेऊन वेशीतून आत येतो आणि नगरजनांना सांगतो की दरवाजा मी बंद केला, चूक माझी आहे. सबंध नाटक या एका कबुलीसाठी लिहिलेलं. आणि सबंध सीझनभर तो प्रवेश आम्ही एकदाही केला नव्हता. कधी सहा वाजायचे, कधी हुकुमाचा प्रवेश मला पुन्हा करावासा वाटायचा, कारण त्यात माझा आवाज छान लागायचा. मी सगळ्यांना सांगायचो, तो प्रवेश तालमीचा नाही, तो आतून यायला हवा. आज कळतं, मला तो करायचाच नव्हता. वीस ओळखीच्या माणसांसमोर मान खाली घालून चुकलो म्हणायचं, खोटं खोटंसुद्धा, माझ्या जिवावर आलं होतं. मी अविनाशला म्हणालो, "ते मी बघतो." त्याचं काय जातंय सांगायला, असंही वाटलं. प्रॉम्प्टरला नट अडावा असंच वाटत असणार, नाही तर त्याला विचारतो कोण? इरानं परवा सांगितलेला तिसरा मुद्दा तो हाच.

त्यानंतरचे चार रविवारही अविनाश आला. वहिनींना कपडेपटासाठी सोडायला यायचा आणि थांबायचा. शेवटच्या रांगेत बसून पेपर वाचायचा, आणि सहा वाजले की एकटा खुर्च्या एकावर एक रचायचा. मंजिरी मला गाडीत म्हणाली, "त्याला सॉरी म्हण आणि विषय संपव." मी म्हणालो, "नाटक होऊ दे, मग बघू." मला वाटलं होतं, नाटक असं काही होईल की सॉरी म्हणायची गरजच उरणार नाही.

आमच्या घरी, नागपूरला, सॉरी म्हणायची पद्धत नव्हती. माझे वडील चुकले की दुसऱ्या दिवशी सकाळी गरम जिलबी आणायचे. पुडा टेबलावर ठेवायचे आणि पेपर उघडायचे. आई समजून घ्यायची, आम्हीही घ्यायचो. कुणी विचारलं नाही की जिलबी कशाची. त्या बिनशब्दांच्या माफीवर मी वाढलो आणि तिलाच स्वाभिमान समजलो. आपल्याकडे हा एक शब्द फार सोयीचा आहे. दुसऱ्याचा असला की तो गर्व, आपला असला की स्वाभिमान. 'गर्वाचं घर खाली' हे शाळेत भिंतीवर लिहिलेलं असतं आणि 'मोडेन पण वाकणार नाही' हे घरी शिकवलेलं असतं, आणि मुलानं दोन्ही पाठ करायचं.

नाटक झालं. हॉल भरला होता. हुकुमाच्या प्रवेशाला टाळ्या पडल्या, मग स्वगताला पडल्या, पॉजसकट. मी तरंगत होतो. शेवटी मुलाला दोन हातांवर घेऊन, म्हणजे डेंटिस्टच्या मुलाला, मी बॅडमिंटनच्या रेघेवरून आत आलो. खाली ठेवला. मान वर केली. आणि डोक्यात काही नाही. एक अक्षर नाही. नगरजन माझ्याकडे बघतायत, इरा बघतेय, डोळे मोठे करून. मी विंगेकडे पाहिलं. तिथे खुर्ची नव्हती, कारण मीच ती काढायला लावली होती. किती वेळ गेला ते मला माहीत नाही. मग तोंडातून जे सगळ्यांत जास्त वेळा म्हटलं होतं तेच बाहेर पडलं. मुलाच्या प्रेतासमोर उभा राहून मी खड्या आवाजात हुकूम दिला, "वेशीचे दरवाजे उघडायचे नाहीत! कुणासाठीही नाहीत!"

कुणीतरी फिस्सकन हसलं. पडदा ओढला गेला. चहाच्या वेळी कमिटीतले एक काका मुद्दाम येऊन म्हणाले, "शेवट वेगळाच केलात हो. राजा बदलतच नाही. वाहवा. मॉडर्न झालं." मी थँक यू म्हणालो. म्हणजे तेव्हाही कबूल करायची संधी होती, समोर बशीत समोसा होता आणि दार उघडं होतं. मी थँक यू म्हणालो.

अविनाश ग्रीन रूममध्ये आला. खरं तर शाळेचं पीईचं स्टोअर ते, चारी बाजूंना हॉकीच्या काठ्या. तो काहीतरी बोलणार होता. त्याचा हात माझ्या खांद्याच्या दिशेनं उठला होता हे मला नीट आठवतं. मी म्हणालो, "झालं समाधान?" त्याचा हात खाली गेला. "चल, शैला थांबलीय," असं तो स्वतःशीच बोलल्यासारखा म्हणाला आणि निघून गेला. पुढे मंजिरीनं सांगितलं की मी अडलो तेव्हा वहिनी अंधारात अविनाशच्या दंडाला धरून म्हणत होत्या, "अहो, सांगा ना त्यांना. सांगा ना पटकन." आणि तो म्हणाला होता, "नको म्हणालाय तो."

इथे मी खरं तर थांबायला हवं. एवढंच असतं तर त्याची गंमत होऊन गेली असती. मंडळातल्या पिकनिकला कुणी ना कुणी तो हुकूम अजून म्हणून दाखवतं आणि मीही हसतो. पण इरा सांगते, ग्रीक नाटकांत मरण कधी रंगमंचावर होत नाही. ते आत, भिंतीमागे होतं, आणि बाहेर येऊन कुणीतरी फक्त बातमी सांगतं. "ऑडियन्सला बॉडीपेक्षा न्यूज जास्त हर्ट करते," असं तिच्या कार्डावर लिहिलंय.

त्या हिवाळ्यात शैलावहिनी आजारी पडल्या. पोटाचं दुखणं, मग तपासण्या, मग फॅमिली डॉक्टरनं हॉस्पिटलला तातडीनं पाठवलेलं पत्र, मग सगळं. मंजिरी दर शुक्रवारी मऊ भात आणि कढण घेऊन जायची. परत आली की म्हणायची, "एकदा जाऊन ये." मी म्हणायचो, "त्यानं फोन केला का मला? बायको आजारी आहे हे त्यानं मला सांगायला नको?" दुसऱ्यांदा म्हणाली, मी म्हणालो, "ऑफिसातल्या या रिलीजनंतर जातो." तिसऱ्यांदा ती नुसती गाडीची किल्ली माझ्यासमोर ठेवून आत गेली. मी किल्ली उचलली, जोडे घातले, गाडीत बसलो आणि पेट्रोल भरून परत आलो. त्याच आठवड्यात अविनाशनं मंडळाच्या पानावर बागेतल्या फुलांचा फोटो टाकला होता, त्याला मी अंगठा दिला. तीच माझी जिलबी. तो समजून घेईल असं मी खरोखर मानलं. आता हे लिहितानाही लाज वाटते, पण मानलं खरं.

एप्रिलमध्ये मंडळाच्या ग्रुपवर बातमी आली. खाली एकामागून एक तेच शब्द पडत होते, भावपूर्ण श्रद्धांजली, जोडलेले हात, भावपूर्ण श्रद्धांजली, जोडलेले हात. मी वरच्याचं कॉपी केलं आणि खाली चिकटवलं. ज्या बाईनं माझ्या लेकीच्या जन्मानंतर माझ्या घरात चूल पेटवली तिच्यासाठी मी स्वतःचे दोन शब्दही टाइप केले नाहीत. इथे अंत्यविधी लगेच होत नाही, दोन-तीन आठवडे जातात. तेवढे दिवस मी रोज जायचं ठरवत होतो. त्या दिवशी मंजिरी आणि इरा गेल्या. मी काळा कोट घालून तयार झालो आणि दारात मला वाटलं, सगळं मंडळ तिथे असणार, सगळे बघणार की आला बरं का शेवटी. मी मीटिंगचं कारण सांगून ऑफिसला गेलो.

क्रेमेटोरियमनं पाहण्यासाठी लिंक पाठवली होती. मी एका छोट्या मीटिंग रूममध्ये लॅपटॉप उघडला, आवाज बंद करून. कॅमेरा मागच्या भिंतीवर होता, त्यामुळे सगळ्यांच्या फक्त पाठी. मंजिरीची पाठ, इराची वेणी. पहिल्या रांगेत अविनाश, मागचे केस एकदम पांढरे झालेले. त्याच्या एका बाजूला त्याची मुलगी होती. दुसऱ्या बाजूची खुर्ची रिकामी होती आणि त्यानं तिथे आपला ओव्हरकोट ठेवला होता. कुणी तिथे बसायला वाकलं की तो काहीतरी सांगायचा आणि ते माणूस मागे जायचं. मी त्या कोटाकडे बघत राहिलो. इतक्यात काचेवर टकटक झाली. आमच्या टीममधली एक मुलगी घड्याळ दाखवत होती, "सॉरी, आय हॅव दिस रूम फ्रॉम टू." मी लॅपटॉप मिटला आणि तिला खोली दिली.

अविनाशनं त्याच उन्हाळ्यात स्लाऊचं घर विकलं आणि तो मँचेस्टरला मुलीजवळ राहायला गेला. दोन वर्षं झाली. सुंभ जळतो पण पीळ जात नाही म्हणतात, माझा तर सुंभही जळला नव्हता. मी नोकरी करत होतो, ग्रुपवर वाढदिवसाचे केक टाकत होतो. फक्त हे दिवस आले की हा उजेड मला बसू देत नाही. ग्रीक नाटकं म्हणे भर उन्हात व्हायची, दिवे नाहीत, अंधार नाही. लपायला काहीच नसलेल्या त्या उघड्या माळावर तो राजा इतक्या लोकांसमोर चुकलो म्हणायला कसा उभा राहत असेल, हे मला कुणीतरी शिकवायला हवं होतं. नाटक लिहायच्या आधी.

परवा बागेतून मी आत आलो तेव्हा इरा अजून कार्डं लावत होती. मी विचारलं, "टू लेट आहे हे कळल्यावर राजा काय करतो?"

"म्हणजे?"

"म्हणजे उशीर झालाय, आता काही उपयोग नाही, हे त्याला माहीत आहे. मग काय करतो?"

तिनं जरा विचार केला. कार्डावर हे नव्हतं. "जातो," ती म्हणाली. "स्टिल जातो, बाबा. तो पॅलेसमध्येच बसून राहिला तर प्ले संपणारच नाही ना." मग माझ्याकडे बघून हळूच म्हणाली, "अविनाशकाकाचा अ‍ॅड्रेस आईकडे आहे."

काल शनिवारी मी गेलो. मंजिरी म्हणाली, "मी येऊ?" मी नको म्हणालो. रेडिंगहून मँचेस्टरची गाडी पकडली. बाहेर मैलोन्‌मैल पिवळी मोहरी फुललेली, आणि मी शिंकत, रुमालानं डोळे पुसत चार वाक्यं पाठ करत होतो. समोरच्या बाईंना वाटलं असेल मी रडतोय. मी म्हणतही होतो पुटपुटत, ओठ हलवून, शाळकरी पोरासारखा. ट्रॅममध्ये दोन विद्यार्थी मराठीत भाड्याच्या खोलीवरून भांडत होते. मी माझा स्टॉप चुकलो आणि दोन स्टॉप मागे चालत आलो. खरं सांगायचं तर बरं वाटलं, तेवढाच वेळ मिळाला.

अविनाशनं दार उघडलं. बारीक झालाय. "अरे, ये," म्हणाला, जणू मी गेल्या रविवारीच येऊन गेलो होतो. छोटा फ्लॅट, एक खिडकी, खिडकीत वहिनींचा फोटो आणि त्याला रोजचं ताजं फूल. मी बसलो नाही. बसलो असतो तर राहून गेलं असतं.

"अविनाश, माझं चुकलं."

"कशात?" त्यानं विचारलं. टोमणा नव्हता त्यात. काउंटरमागून विचारावं, कुठे दुखतंय, तसं त्यानं विचारलं.

"नाटकात. सगळ्यांसमोर बोललो ते. नंतर बोललो तेही."

"ते होय," तो म्हणाला आणि चक्क हसला. "ते मी तेव्हाच सोडलं रे. एवढा राग येत होता मला, पण तू तिथे उभा राहून पुन्हा दरवाजे बंद करायला निघालास ना, तेव्हा तुझी इतकी दया आली."

मीही हसलो. मग हसू थांबलं. पाठ केलेली वाक्यं संपली होती. हे पुढचं मला पाठ नव्हतं. तो वाट बघत बसला, त्यानं मदत केली नाही.

"मी वहिनींना भेटायला आलो नाही," मी म्हणालो.

अविनाश उठला, खिडकीपाशी गेला, फोटोसमोरचं फूल जरा सरळ केलं. माझ्याकडे पाठ होती.

"तू आला होतास," तो म्हणाला.

मला कळेना.

"तिला मी तसंच सांगितलंय. शेवटच्या आठवड्यात रोज विचारायची, भाऊजी नाही आले? रोज काय उत्तर देणार? एक दिवस म्हटलं, दुपारी येऊन गेला सुहास, बसला होता तासभर. तुला झोप लागली होती."

"मग?" मी विचारलं.

"मग काय. माझ्यावरच चिडली. म्हणाली, एवढे भेटायला आले होते ते, मला उठवायचं नाही का?"